वर्दी एकच होती

हिंगण्याच्या एमआयडीसीत, बंद पडलेल्या सूतगिरणीत,
मे महिन्यातल्या अकरा दिवसांत उरकायचा होता पिक्चर.
प्रोड्यूसर गिरडकरांचा धंदा कूलरचा,
म्हणून सेटवर पैसे नव्हते, कूलर मात्र नऊ.
टेक सुरू झाला की तेही बंद,
आणि पंचेचाळीस डिग्रीत आम्ही सगळे
आवाज न करता घाम गाळायचो.

गोष्ट अशी : दोन पोलीस, नाव बदलून टोळीत शिरलेले.
ते पोलीस आहेत हे एकाच साहेबाला ठाऊक.
साहेब मरतो, फाईल जळते,
आपलेच लोक पिस्तूल घेऊन त्यांच्या मागे.
विपुल मेंढे दिग्दर्शक, एरवी लग्नांचे व्हिडीओ काढतो.
मला म्हणाला, "काकाजी, तुम्ही खात्यात होते न?
असं होते का खरंच?"
म्हटलं, "होते न बाप्पा.
फाईल जळत नाही पण. फाईल राहते.
एक पान नसते तिच्यात."
तो पुढं काही विचारणार होता,
तेवढ्यात डबे आले.

मला काम होतं मढ्याचं. दिवसाचे चारशे.
रक्त म्हणजे लाल सरबत आणि आरारूट;
दुसऱ्या टेकला मुंग्या आल्या,
मानेवरून कानाकडं निघाल्या.
मी हललो नाही.
हे मला येतं.
कन्हानच्या रेतीघाटावर चौदा महिने
गुड्डू या नावानं मी ट्रक मोजले.
कामठीच्या बाजारात एकदा
माझी पोरगी समोरून "बाबा" म्हणाली.
मी वांग्यांचा भाव विचारत राहिलो.

शेवटच्या दिवशी वर्दी लागली.
दोघे निर्दोष सुटतात, पुन्हा खाकी घालतात,
एकमेकांना सलाम करतात, पिक्चर संपतो.
महालातून भाड्यानं आणलेला ड्रेस
बँडवाल्याचा निघाला. सोनेरी बटणं, खांद्यावर झालर.
गिरडकरांनी कपाळाला हात लावला.
मी सायकल काढली,
घरी जाऊन ट्रंकेतली आणली माझी.
अकरा वर्षांची घडी,
कोपरावर बायकोनं केलेलं रफू,
डांबरगोळ्यांचा वास.

वर्दी एक, हिरो दोन.
आधी निखारनं घातली,
मग ओलीचिंब तीच सोहेलनं.
एका फ्रेममध्ये दोघं येऊच शकत नव्हते.
विपुल म्हणाला, "काकाजी, कॅमेऱ्याच्या बाजूले उभे राहा.
नजर कुठं ठेवायची, पोट्ट्यांना समजत नाही."
मी उभा राहिलो.
बनियन, लुंगी, छातीवर वाळलेलं सरबत.
आधी एकानं मला सलाम ठोकला.
मग दुसऱ्यानं.
माझा हात कमरेपर्यंत वर आला होता.
डोक्यावर टोपी नसेल तर सलाम करायचा नसतो,
नियम आहे.
खाली घेतला.

कामठीला एक आठवडा चालला, दुपारी बाराचा शो.
पडद्यावर ते एकमेकांकडंच बघतात,
कुणाला काही कळत नाही.
मागं कुणीतरी शिटी मारली.
नावाच्या पाटीवर त्यांनी चिकटपट्टी लावून
दुसरं नाव लिहिलं होतं;
काढताना माझ्या नावाचं एक अक्षर
तिच्याबरोबर निघून आलं.

ते नंतरचं.
त्या रात्री वर्दी घरी आणली तर
बायको नाकाशी धरून उभी राहिली.
म्हणाली, "किती वर्षांनी घामाचा वास आला हिले."
मी म्हटलं, "माझा नाही तो."
"माहीत आहे," म्हणाली,
आणि तशीच खुंटीला टांगली.

सकाळी उठलो तेव्हा
दोरीवर वाळत होती.